कॅडींनी जिंकलेली इंडियन ओपन

गोल्फचा विषय निघाला की फोनवर एक मजकूर हमखास फिरू लागतो, आणि इंडियन ओपन या भारताच्या राष्ट्रीय गोल्फ स्पर्धेच्या आठवड्यात तर तो दिवसातून दोनदा येतो. त्याचा गाभा असा: ‘इंडियन ओपन ही इंग्रजांनी मागे ठेवलेली स्पर्धा. नाव ओपन, पण खेळतात क्लबांचे श्रीमंत सभासद. चार दिवस हिरवळीवर फेरफटका, त्यातही हँडिकॅपची सवलत. जिंकतात गोरेच, आपले खेळाडू फक्त आकडा भरायला. आणि आता तर ती युरोपच्या टूरला (वर्षभर चालणाऱ्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेला) जोडून टाकली, त्यामुळे राष्ट्रीय स्पर्धा म्हणायचंही कारण उरलं नाही.’

मी ही स्पर्धा वर्षानुवर्षं मन लावून पाहत आलोय, म्हणून हे वाचून वाईट वाटतं. यातल्या एका मुद्द्यात थोडं तथ्य आहे, ते पुढे सांगतोच. बाकीचं एकेक करून पाहू.

‘इंग्रजांनी मागे ठेवलेली.’ खेळ इंग्रजांनी आणला, यात वाद नाही. कलकत्त्यातला गोल्फ क्लब १८२९ चा. ब्रिटिश बेटांबाहेरचा सगळ्यात जुना क्लब म्हणून तो ओळखला जातो. हौशी खेळाडूंची अखिल भारतीय स्पर्धा १८९२ पासूनची, तीही कलकत्त्यातच सुरू झालेली. मजकूर लिहिणाऱ्याने बहुधा या हौशी स्पर्धेचा इतिहास उचलून इंडियन ओपनला चिकटवला आहे. इंडियन ओपन पहिल्यांदा खेळली गेली १९६४ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्यानंतर सतरा वर्षांनी. इंडियन गोल्फ युनियन ही देशातल्या गोल्फची संघटना तोवर स्थापन झालेली होती, आणि बाहेरून पाठबळ देणारा माणूस इंग्रज नव्हता, ऑस्ट्रेलियन होता: पीटर थॉमसन. ब्रिटनची ओपन त्याने तोपर्यंत चार वेळा जिंकली होती, पाचवी पुढच्याच वर्षी जिंकली. आशियात व्यावसायिक गोल्फ उभं राहावं म्हणून त्याने खूप धडपड केली. दिल्लीतली पहिली इंडियन ओपन त्यानेच जिंकली, नंतर १९६६ आणि १९७६ मध्येही. १९७० पासून ही स्पर्धा आशियाच्या सर्किटमध्ये, म्हणजे देशोदेशीच्या स्पर्धांच्या मालिकेत आली. वारसा शोधायचाच असेल तर तो नव्या आशियाई देशांनी एकमेकांच्या आधाराने उभारलेल्या त्या सर्किटमध्ये शोधावा, साहेबाच्या बंगल्यात नाही.

‘नाव ओपन, पण फक्त सभासदांसाठी.’ ओपन या शब्दाचा अर्थच इथे उलटा लावला गेलाय. स्कॉटलंडमध्ये प्रेस्टविकला १८६० मध्ये पहिली ओपन झाली तेव्हा ती फक्त व्यावसायिकांसाठी होती. दुसऱ्या वर्षी हौशी खेळाडूंनाही प्रवेश मिळाला आणि स्पर्धा खऱ्या अर्थाने खुली झाली. म्हणजे व्यावसायिक असो वा हौशी, क्लबचं सभासदत्व असो वा नसो, खेळाच्या बळावर पात्र ठरणाऱ्या प्रत्येकाला दार उघडं, हा त्या शब्दाचा अर्थ. कुणीही उठून टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, उभं राहावं, असा मात्र नाही. इंडियन ओपनमध्ये जागा मिळते ती टूरवरच्या क्रमवारीतून, देशातल्या व्यावसायिक टूरवरच्या कामगिरीतून, आणि काही जागा निमंत्रणाच्या असतात.

हे दार खरंच उघडं होतं याचा पुरावा दुसऱ्याच वर्षी मिळाला. १९६५ ची स्पर्धा प्रेम गोपाल सेठी यांनी जिंकली. सगळे त्यांना बिल्लू म्हणत. ते हौशी खेळाडू होते, म्हणजे नियमाप्रमाणे बक्षिसाची रक्कम त्यांना घेताच येत नव्हती. ही स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय, आणि आजवरचे एकमेव हौशी खेळाडू.

आता त्या मजकुरातलं मला सगळ्यात जास्त खटकणारं वाक्य, ‘श्रीमंतांची स्पर्धा’. थोडं तथ्य आहे म्हटलं ते इथेच. भारतात गोल्फ महाग आहे. मोठ्या क्लबांचं सभासदत्व सामान्य माणसाच्या आवाक्यात नाही, सार्वजनिक मैदानं फार थोडी, साहित्याची किंमत भारी. हे कुणी नाकारू नये, मीही नाकारत नाही. पण क्लबमध्ये खेळतो कोण आणि इंडियन ओपन जिंकतो कोण, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि दुसऱ्याचं उत्तर त्या मजकुराच्या अगदी विरुद्ध जातं.

१९९१ घ्या. सेठींच्या विजयानंतर सव्वीस वर्षं एकही भारतीय जिंकला नव्हता. त्या वर्षी जिंकला अली शेर. तो दिल्ली गोल्फ क्लबवर कॅडी होता, म्हणजे सभासदांच्या बॅगा खांद्यावर घेऊन अठरा होल, म्हणजे पूर्ण मैदान, चालणारा मुलगा. कॅडीचं काम करताना मैदान पायाखालून जातं. कुठल्या झुडपाशी चेंडू अडकतो, कुठलं ग्रीन (भोकाभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) दिसतं सपाट पण उतरतं डावीकडे, हे पुस्तकातून कळत नाही. दिल्लीचं ते मैदान अरुंद, दोन्ही बाजूंनी झाडोरा दाटलेला. लांब फटका मारणाऱ्यापेक्षा सरळ मारणाऱ्याला ते साथ देतं. अली शेर ही स्पर्धा जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक ठरला. त्याच वर्षीचा अर्जुन पुरस्कार त्याला मिळाला, आणि १९९३ मध्ये त्याने इंडियन ओपन पुन्हा जिंकली.

२००९ मध्ये गुरुग्रामच्या मैदानावर बेंगळुरूचा सी. मुनियप्पा जिंकला. त्याची सुरुवातही कॅडी म्हणूनच झालेली. २०१३ मध्ये बांगलादेशचा सिद्दिकुर रहमान जिंकला, तो लहानपणी ढाक्याच्या मैदानावर चेंडू गोळा करायचा.

आणि एस.एस.पी. चौरसिया. त्याचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबमध्ये ग्रीनकीपर होते. गवत कापायचं, पाणी द्यायचं, ग्रीन राखायचं, हे त्यांचं काम. मुलगा तिथेच वाढला, बघून बघून खेळ शिकला. ग्रीनच्या जवळचे छोटे फटके आणि पटिंग, म्हणजे ग्रीनवरून चेंडू भोकात ढकलणं, ही त्याची ताकद. त्याने २०१६ ची इंडियन ओपन दिल्लीत जिंकली, आणि २०१७ ची गुरुग्रामला, तीही सात फटक्यांच्या फरकाने. ग्रीनकीपरच्या मुलाने देशाची राष्ट्रीय स्पर्धा लागोपाठ दोन वर्षं जिंकावी, आणि आपण ‘श्रीमंतांचा खेळ’ म्हणून फोनवर बोट सरकवून पुढे जावं? माझ्या मते हा मजकूर या माणसांवर अन्याय करतो. पुसून टाकली जातात ती त्यांचीच नावं, श्रीमंतांचं काहीच बिघडत नाही.

‘चार दिवसांचा फेरफटका आणि हँडिकॅपची सवलत.’ हँडिकॅप हा क्लबच्या खेळातला प्रकार. कमी सरावलेल्या खेळाडूच्या बेरजेतून काही फटके वजा करतात, म्हणजे नवखा आणि मुरलेला एकत्र खेळू शकतात. इंडियन ओपनमध्ये असं काहीही वजा होत नाही. रोज अठरा होल, चार दिवसांत बहात्तर. प्रत्येक फटका मोजला जातो आणि ज्याची बेरीज सगळ्यात कमी तो विजेता. पहिले दोन दिवस संपले की कट लागतो: पहिले ६५ आणि त्यांच्याशी बरोबरीत असलेले पुढे जातात, बाकीचे घरी. कट चुकलेल्याच्या हाती बक्षिसाचा एक रुपयाही पडत नाही, आणि प्रवास, मुक्काम, कॅडीचे पैसे बहुतेकदा त्याच्याच खिशातून गेलेले असतात. चौथ्या दिवशी वरच्या दोघांची बरोबरी झाली तर सडन डेथ प्लेऑफ. त्यात एका होलवर मागे पडलात की संपलं.

या पद्धतीत किती ताण असतो ते पाहायचं असेल तर २०१९ चा शेवटचा दिवस आठवावा. स्कॉटलंडच्या स्टीफन गॅलाकरने सातव्या होलवर तब्बल आठ फटके घेतले, पारपेक्षा, म्हणजे त्या होलसाठी ठरलेल्या फटक्यांपेक्षा, चार जास्त. मॅचप्ले, म्हणजे होलगणिक हार-जीत ठरणारा प्रकार, असता तर एक होल गेला म्हणून विषय संपला असता. स्ट्रोकप्लेमध्ये, म्हणजे एकूण फटके मोजणाऱ्या या प्रकारात, ते चार फटके बेरजेला चिकटून राहतात, शेवटपर्यंत. तरीही तो सावरला, अखेरच्या होल्सवर बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी) काढत गेला आणि जिंकला. याला फेरफटका म्हणणाऱ्याने एकदा गुरुग्रामच्या त्या मैदानाचे बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, पाहावेत. दक्षिण आफ्रिकेचा नामवंत गोल्फपटू गॅरी प्लेअर याने आखलेल्या त्या कोर्सवर काही बंकर इतके खोल आहेत की आत उतरलेला माणूस बाहेरून जेमतेम दिसतो.

‘जिंकतात गोरेच.’ हे तर यादी उघडली की मिटतं. साठच्या दशकाच्या शेवटी जपानचा केंजी होसोइशी लागोपाठ दोनदा जिंकला, त्याच्यामागून फिलिपिन्सचा बेन आर्डा. पुढे तैवान, सिंगापूर, थायलंड, चीन, बांगलादेश. २०२४ मध्ये जपानचाच केइता नाकाजिमा. भारतीयांचे विजय तेरा, नऊ वेगवेगळ्या खेळाडूंचे. १९९८, १९९९ आणि २००० अशी सलग तीन वर्षं फिरोज अली, अर्जुन सिंग आणि ज्योती रंधावा हे तिघे जिंकले. २००२ मध्ये लखनौचा विजय कुमार. रंधावाने २००६ आणि २००७ मध्ये पुन्हा जिंकून तीन विजय पूर्ण केले, म्हणजे थॉमसनइतकेच. बाहेरून आलेल्या विजेत्यांत अमेरिकेतल्या मिसूरीचा पेन स्टुअर्टही आहे, १९८१ चा. तेव्हा त्याला अमेरिकेच्या टूरवर जागा मिळालेली नव्हती, म्हणून तो आशियात खेळत होता. पुढे तो दोनदा यूएस ओपन जिंकला. गोऱ्या मोठ्यांनी येऊन आपल्याला हरवून जावं अशी ती गोष्ट नाही. धडपडणाऱ्या पोरांना ही स्पर्धा पायरी म्हणून उपयोगी पडत आली आहे, मग पोरगा मिसूरीचा असो की कोलकात्याचा.

२०१७ नंतर २०२५ पर्यंत मात्र कुणी भारतीय जिंकलेला नाही, हेही सांगायला हवं. मधली तीन वर्षं कोविडमुळे स्पर्धाच झाली नाही. २०२४ मध्ये आपला वीर अहलावत संयुक्त दुसरा आला. काही जण दोष गुरुग्रामच्या अवघड मैदानाला देतात. मला ते पटत नाही, कारण त्याच नव्या कोर्सवरची पहिली इंडियन ओपन चौरसियाने सात फटक्यांनी जिंकली होती. प्रतिस्पर्धी वाढलेत आणि तगडे झालेत, एवढंच खरं.

राहिला शेवटचा आरोप, ‘युरोपला जोडली म्हणून राष्ट्रीय राहिली नाही.’ २०१५ पासून इंडियन ओपनला युरोपियन टूरची मान्यता आहे, जिला आता डीपी वर्ल्ड टूर म्हणतात. दक्षिण आफ्रिकेची ओपनही त्याच टूरवर खेळली जाते, ऑस्ट्रेलियाचीही, आणि त्यांना कुणी परकी म्हणत नाही. जोडल्यामुळे बक्षिसाची एकूण रक्कम २०२५ मध्ये २२.५ लाख डॉलरवर गेली, आणि जिंकणाऱ्याला त्या टूरवर खेळायचा हक्क मिळू लागला. भारतीय पोराला परदेशी पात्रता फेऱ्यांचा खर्च न करता घरच्या मैदानावर तो हक्क कमावता येतो. नावात पुरस्कर्त्या कंपनीचं नाव लागतं म्हणून आक्षेप असेल, तर खेळाचे नियम ती कंपनी ठरवत नाही.

आणि या जोडणीचं पहिलंच वर्ष पाहा. २०१५, दिल्ली गोल्फ क्लब, शेवटचा दिवस. सकाळी चौरसिया आघाडीवर, भारताचाच अनिर्बान लाहिरी त्याच्यापेक्षा सात फटके मागे. दिवसभरात लाहिरीने ते सातही फटके भरून काढले. बरोबरी झाली, दोघे प्लेऑफसाठी अठराव्या होलवर परतले. युरोप आणि आशियाच्या दोन टूरचे खेळाडू तोवर मागे पडलेले. लाहिरीने बर्डी केली, चौरसियाला ती जमली नाही. पुढच्या वर्षी त्याच क्लबवर चौरसिया पहिला आला, आणि संयुक्त दुसऱ्या क्रमांकावर लाहिरी होता.