“आपल्याच माणसाने फसवलं” या एक स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू शनिवारी रात्रीच वाचला. तेव्हाच लिहायला बसलो असतो तर माझ्याकडूनही दोन शब्द वाकडे गेले असते, म्हणून रविवार जाऊ दिला.

इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. साहेब आणि त्यांचे वडील (मी त्यांना काकाच म्हणतो) शनिवारी पहाटे माझ्याबरोबर (मी इथला गाइड) अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूबरीपोर्टला मेरिमॅक नदीत कयाकमधून (वल्ह्याची अरुंद होडी) स्ट्राइप्ड बास (पट्टेरी मासा, इथे ‘स्ट्रायपर’) धरायला आले होते. साहेबांचं म्हणणं असं: काकांना ३४ इंची मासा लागला, तो मी सोडायला लावला. धड फोटो काढू दिला नाही. पक्षी पाण्यावर झडप घालत होते, म्हणजे मासळी होती, तिकडे नेलं नाही. चिखलात अडकवलं, माश्यांनी फोडून काढलं, सत्तर डॉलरची सँडल गेली, कयाकमध्ये पाणी येत होतं, आणि वर पूर्ण चार तासांचे पैसे घेतले. शेवटी लिहिलंय, ‘मराठी माणूस म्हणून बुक केलं आणि आपल्याच माणसाने फसवलं.’

चिखलापासून सुरुवात करतो, कारण तिथे तुमचं शंभर टक्के बरोबर आहे.

त्या दिवशी भरती चारला होऊन गेली होती आणि आपण पावणेपाचला उतरलो, ते मुद्दाम. पाणी ओसरायला लागलं की जॉपा फ्लॅट्सच्या (नदीतला चिखलाचा सपाट पट्टा) उथळ भागावरून ते चॅनेलमध्ये (नदीच्या खोल प्रवाहात) उतरतं, त्याच्याबरोबर बारीक मासळी, कोळंबी, खेकडे वाहत येतात आणि स्ट्रायपर त्या कडेला तोंड वासून उभे असतात. बेत असा होता की साडेसहाला फ्लॅट्स सोडायचे. इथे सात-आठ फूट पाणी चढतं-उतरतं आणि त्यातलं निम्मं मधल्या दोन तासांत जातं. म्हणजे सहाला छातीभर दिसणारी जागा आठला कोरडी. हे मला पाठ आहे. तरी मी थांबलो. काकांचा मासा सोडल्यावर तुमचा चेहरा उतरला होता आणि मला वाटलं, घरी नेता येईल असा एक तरी यांच्या हाती लागू दे.

साडेसहालाच काका म्हणाले होते, “पाणी चाललंय, निघूया.” रेवदंड्याच्या खाडीवर वाढलेला माणूस तो. मी मूळचा सांगलीचा, भरती-ओहोटी तक्त्यावरून शिकलेलो. मी म्हणालो, “दहा मिनिटं, काका.” दहाची तीस झाली. सातला वल्हं मारलं तर पाण्याऐवजी काळा गाळ वर आला.

मग पाऊण तास तुम्ही आणि मी गुडघाभर चिखलातून कयाक ओढत चॅनेलपर्यंत गेलो. काकांना उतरू दिलं नाही, बसल्या जागी ओढत आणलं. ते माझ्या मानेवरच्या माश्या टोपीने हाकलत होते. या माश्यांना इथे ग्रीनहेड म्हणतात. हिरव्या डोळ्यांच्या, प्लम आयलंड या समुद्रकाठच्या बेटाच्या मागच्या खाजणात चिखलात वाढतात आणि जुलैच्या मध्याला बाहेर पडतात. चावत नाहीत, कापतात. खाजणात चार पायांवर काळ्या पेट्या उभ्या दिसल्या ना, त्या त्यांना पकडण्यासाठीच्याच. फवारा मारून फारसा उपयोग होत नाही. ऊन चढायच्या आत परत फिरणं हाच इलाज, आणि तोच माझ्यामुळे हुकला. बुकिंगच्या ईमेलमध्ये माझ्याकडून माश्यांचा उल्लेखही नव्हता. आता घातला आहे, ‘पूर्ण बाह्यांचा शर्ट आणा’ यासकट.

आता माशाचं.

तो मी सोडायला लावला आणि उद्याही लावीन. मॅसॅच्युसेट्समध्ये स्ट्राइप्ड बास २८ इंचांपासून ३१ इंचांच्या आतलाच ठेवता येतो, माणशी दिवसाला एक. ३४ म्हणजे तीन इंच वर. आधी ही मर्यादा ३५ पर्यंत होती. २०२३ साली सगळ्या अटलांटिक किनाऱ्यासाठी ती तातडीने खाली आणली, कारण २०१५ साली जन्मलेले मासे तेव्हा नेमके त्या मापात येत होते आणि सगळे त्यांच्यावर तुटून पडले असते. त्यांच्या मागून येणारं फारसं काही नाही. २०१९ पासून दक्षिणेकडच्या चेसापीक उपसागराच्या मेरीलँडमधल्या भागात पिल्लांची पैदास दर वर्षी सरासरीपेक्षा कमीच झाली आहे. हा मासा मेरिमॅकचा नाहीच. जन्मतो मुख्यतः चेसापीक आणि हडसन नदीच्या बाजूला, मे महिन्यात खात खात इकडे येतो आणि ऑक्टोबरपर्यंत परततो. एवढ्या मोठ्या मापाची बहुतेक मादीच असते.

तुम्ही किनाऱ्यावर मला हळूच म्हणालात, “कोण बघतंय इथे?” रिव्ह्यूमध्ये ते नाही. मी मराठी आहे म्हणून माझी मोजपट्टी वेगळी असेल असं तुम्हाला का वाटलं, ते मला खरंच कळलं नाही.

फोटोचं म्हणाल तर एक काढला. दोन काढले नाहीत, आणि जबड्याला धरून उभा लटकवू दिला नाही. उन्हाळ्यात पाणी गरम, त्यात प्राणवायू कमी, आणि झुंजून दमलेला मासा त्याच पाण्यात परत जायचा. सोडलेल्या दर शंभर माशांपैकी नऊ मरतात असं धरूनच इथे हिशेब मांडतात. आमच्या हातून तो आकडा वाढू नये म्हणून हात ओले, एक हात पोटाखाली, आणि पाण्याबाहेर जेमतेम एका फोटोपुरता. नंतर काकांनी त्याचा खालचा ओठ धरून त्याला प्रवाहाकडे तोंड करून पाण्यात धरलं. बराच वेळ काही नाही. मग त्याने काकांच्या अंगठ्यावर जबडा आवळला, एक शेपटी मारली आणि काका नखशिखांत भिजले. “जिताडाच की रे हा,” म्हणाले. तेव्हा मला पुढचं सांगायचं राहिलं, काकांना आवडेल: दोघांची चाल उलटी आहे. जिताडा अंडी घालायला खाऱ्या पाण्याकडे उतरतो, हा गोड्या पाण्यात वर चढतो.

‘गळ टाकू न देता नुसतं वल्हवायला लावलं’ असंही लिहिलंय. तो मासा त्या वल्हवण्यानेच लागला. मागे सोडलेली लाल रबरी नळी, तिच्या गळाला समुद्री किडा, आणि आपण चालण्याच्या वेगापेक्षाही सावकाश जायचं. कयाकला इंजिनाचा आवाज नसतो, म्हणून उथळ पाण्यात हा प्रकार फार चालतो.

पक्ष्यांकडे का नेलं नाही? ते नदीच्या तोंडाशी, दोन दगडी धक्क्यांच्या मध्ये झडप घालत होते. ओहोटीचं पाणी तिथून बाहेर धावतं आणि समुद्राकडून वारा आला की दोन्ही भिडून उभ्या लाटा होतात. तिकडे गेलेल्या सगळ्या इंजिनाच्या बोटी होत्या. ओहोटीत मी तिथे कयाक नेत नाही, अनुभवी माणसाबरोबरही नाही. लाइफ जॅकेट काढू दिलं नाही, तेही त्याच यादीत धरा. उन्हाळ्यात ते जवळ असलं तरी कायद्याला पुरतं, मला पुरत नाही.

कयाकमध्ये आलेलं पाणी ही गळती नव्हती. वर बसायच्या कयाकला तळाशी आरपार भोकं असतात, आत आलेलं पाणी जायला. वजन जास्त झालं की तिथून थोडं वरही येतं. बसायच्या आधी सांगायला हवं होतं.

पैशांचं: निम्मे परत करतो आहे, तुमचे आणि काकांचे दोघांचेही, आज दुपारी त्याच कार्डावर. पूर्ण का नाही, तर पहिले दोन तास ठरल्याप्रमाणे झाले आणि काकांना मासाही लागला. हे कमी वाटत असेल तर फोन करा, भांडू. सँडल शोधायला काल परत गेलो होतो. ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणून अकराला. कयाकच्या खुणा पुसल्या गेल्या होत्या, सँडल मिळाली नाही. तिचे सत्तर डॉलर परताव्यात धरलेत. रिव्ह्यू काढा असं मी म्हणणार नाही.

काका गुरुवारी निघणार म्हणाले होते. परवा बुधवारी भरती सव्वासातच्या सुमारास आहे, म्हणजे पहाटे पाणी चढतं असेल आणि चिखलाचा प्रश्न येणार नाही. दोन कयाक ठेवल्या आहेत, पैसे नकोत. यायचं असेल तर उद्या संध्याकाळपर्यंत मेसेज टाका. आणि या वेळी काका निघूया म्हणाले की निघू.