दहा ओळींचं मिडलवेअर, आणि त्यातून निसटणारं बरंच काही

नोड (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) शिकणाऱ्यांमध्ये एक सल्ला जोरात फिरतोय. नोडच्या एक्स्प्रेस या फ्रेमवर्कमध्ये दहा ओळींचं मिडलवेअर, म्हणजे प्रत्येक रिक्वेस्ट ज्यातून जाते तो कोड, टाका; उत्तर पाठवणारं 'रेस.सेंड' ओव्हरराइड करा, म्हणजे त्याजागी आपलं फंक्शन बसवा; आणि प्रत्येक रिक्वेस्ट-रिस्पॉन्स बॉडीसकट (आतल्या मजकुरासकट) 'कन्सोल.लॉग'ने छापा. काही सुटत नाही, खर्च शून्य, आणि लॉग काय, आपणच बघतो.

काही सुटत नाही? रेस.सेंडला ऑब्जेक्ट दिलात की एक्स्प्रेस आतून रेस.जेसन या फंक्शनकडे जातं, आणि ते त्याची स्ट्रिंग (साधा मजकूर) बनवून पुन्हा रेस.सेंडलाच बोलावतं. म्हणजे एका रिस्पॉन्सच्या दोन नोंदी. फाइल स्ट्रीम करून पाइप केलीत, म्हणजे तुकड्यातुकड्याने थेट रिस्पॉन्समध्ये सोडलीत, तर रेस.सेंडला हातच लागत नाही, नोंद शून्य. बरं, जी नोंद होते ती तरी पूर्ण असते का? ऑर्डरमध्ये आयटमांची यादी, यादीत भाव. कन्सोल.लॉग ठरावीक खोलीपर्यंतच उतरतं, त्यामुळे भावाच्या जागी '[ऑब्जेक्ट]' छापून मोकळं होतं. रात्री दोन वाजता हे बघून मी स्क्रीनला शिव्या घातल्या आहेत.

सगळ्यात वाईट म्हणजे युजर कंटाळून ॲप बंद करतो ती रिक्वेस्ट. हँडलर, म्हणजे ती रिक्वेस्ट हाताळणारा कोड, मागाहून रेस.सेंड करतो, लॉगमध्ये ऐटीत 200 ('सगळं ठीक') दिसतो, आणि पलीकडे घ्यायला कोणी नसतं. त्यासाठी रिस्पॉन्सचे 'फिनिश' (उत्तर पाठवून झालं) आणि 'क्लोज' (जोडणी बंद झाली) हे इव्हेंट ऐकावे लागतात. फिनिशआधीच क्लोज आला, तर माणूस निघून गेला.

खर्चाचं म्हणाल, तर '[ऑब्जेक्ट]'ला वैतागून सगळे अख्खा ऑब्जेक्ट मजकुरात उतरवणाऱ्या जेसन.स्ट्रिंगिफायकडे वळतात आणि तिथे मीटर पडतो. 3 एमबीचा फोटो बेस64 मध्ये (फाइल अक्षरांत लिहायची पद्धत) 4 एमबीची एक ओळ होतो. लिनक्सवर आउटपुट फाइलकडे जावो, टर्मिनलकडे की पाइपकडे, नोड ते सिंक्रोनसच, म्हणजे बाकी काम थांबवून, लिहितं. ती ओळ लिहून होईपर्यंत इव्हेंट लूप (नोडचं कामं पाळीपाळीने घेणारं चक्र) अडकलेला, बाकीच्या रिक्वेस्टी रांगेत.

आणि 'आपणच बघतो'? मे 2018 मध्ये ट्विटरने 33 कोटी युजरांना पासवर्ड बदलायला सांगितलं, कारण हॅश होण्याआधीच (न वाचता येणाऱ्या रूपात बदलण्याआधीच) ते अंतर्गत लॉगमध्ये उतरत होते. बाहेरून कोणी घुसलं नव्हतं. फेसबुकच्या सिस्टिममध्येही पासवर्ड वाचता येतील असे साठवलेले सापडले, हे 2019 मध्ये उघड झालं; त्यापायी सप्टेंबर 2024 मध्ये आयर्लंडच्या डेटा प्रोटेक्शन कमिशनने मेटाला 9.1 कोटी युरोंचा दंड ठोठावला. आमच्याकडे एवढं मोठं काही नाही. एरर दाखवायला लॉगचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला, त्यात ग्राहकाचा ओटीपी होता.

'पीनोचं रिडॅक्ट आहे की,' असं लगेच कोणीतरी म्हणेल. पीनो ही नोडची लॉग लिहिणारी लायब्ररी, आणि रिडॅक्ट हा तिचा निवडक फील्ड झाकायचा पर्याय. आहे, वापराही. पण ते तुम्ही सांगितलेल्या पाथवरच (फील्डच्या पत्त्यावरच) झाकतं. उद्या कोणी ओटीपी एका नव्या ऑब्जेक्टच्या आत नेऊन ठेवला की तो उघडाच. म्हणून काय झाकायचं याची यादी करण्यापेक्षा काय लिहायचं याची करा. माझी एवढीच: मेथड, राउट, स्टेटस, मिलिसेकंद, युजर आयडी, रिक्वेस्ट आयडी. शेवटचा आयडी असिंक-लोकल-स्टोरेजमध्ये (एका रिक्वेस्टपुरती माहिती सोबत ठेवणारी नोडची सोय) ठेवला की डेटाबेसच्या कोडमधून लॉग लिहितानाही तो हाताने पुढे न देता मिळतो. बॉडीतली फील्ड फक्त एरर आल्यावर, तीही नावानिशी निवडलेली.

सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचा एप्रिल 2022 चा आदेशही हल्ली पुढे केला जातो. तो लॉग 180 दिवस ठेवायला सांगतो; त्यात पासवर्ड लिहा असं कुठेही म्हणत नाही. उलट आज चुकून लिहिलेला ओटीपी तेवढेच दिवस तिथे पडून राहणार.