त्याचं नाव लाख्या नव्हतं

परवा आठवडी बाजारात कोणीतरी मागून ओरडलं, "अबे लाख्या!" आणि तुरीच्या पोत्याजवळ उभा असलेला माणूस वळला. सोबत त्याची तिसरीतली पोरगी होती. तिनंही वळून पाहिलं. माझ्यानं तिथं उभं राहवलं नाही.

हे नाव आमच्या वर्गानं ठेवलेलं. 2008 साल, आठवी, यवतमाळ जिल्हा. आदल्या वर्षी त्याच्या वडिलांनी आत्महत्या केली होती. प्रकरण 'पात्र' ठरलं आणि सरकारी मदतीचे एक लाख मंजूर झाले. 30 हजार हातात, 70 हजार पोस्टात. कृषी केंद्राची उधारी आणि सावकार यांच्यापुढे ते 30 हजार किती दिवस टिकले असतील, हे आम्हाला कळत नव्हतं असं नाही. आम्हीही कास्तकाराचीच पोरं. तरी यस्टीत मागच्या सीटवरून आवाज यायचा, "काऊन बे लाख्या, आज समोसे तूच खाऊ घाल ना सगळ्यायले!" आणि अख्खी बस हसायची. मीही हसायचो. नाव मी ठेवलं नव्हतं, असं पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आलो.

आधी तो कंडक्टरजवळच्या सीटवर बसू लागला. मग सकाळी त्याचं पोट दुखू लागलं. मायनं सरकारी दवाखान्यात नेलं, अंगारा लावला, काही निघालं नाही. रविवारी पोट दुखत नसे. पुढं तो दप्तर घेऊन निघायचा आणि दिवसभर धुऱ्यावर बसून संध्याकाळच्या गाडीच्या वेळेला घरी जायचा. माय शाळेत सांगायला गेली तर उत्तर मिळालं, "पोट्टे हायत बाई, गंमत करतात." नववीत त्याचं नाव कमी झालं. कारण 'सतत गैरहजर'. गाव म्हणालं, त्याचं शिकण्यात मन नव्हतं. गणितात तो वर्गात पहिला होता.

आपल्याकडं अजून म्हणतात की अशा चिडवण्यानं पोरगं कणखर होतं. बापाच्या तेरवीनंतर पंधरा दिवसांत पराटीला पाणी देणारं पोरगं आणखी किती कणखर व्हायला हवं होतं? शहरात आईबाप निदान शाळा बदलू शकतात. इथं तीच एक यस्टी, तीच पानटपरी, लग्नात तीच पंगत. गाव सोडता येत नाही म्हणून पोरगं शाळा सोडतं, आणि आपण ते गरिबीच्या खात्यात टाकून मोकळे होतो. आता तर मोबाइल आहे. पूर्वी घरी पोचल्यावर सुटका व्हायची, आता पोरीच्या फोटोचं स्टिकर रात्रीच पूर्ण वर्गात फिरलेलं असतं.

चिडवणारे दोनच असतात. त्यांना जोर येतो तो हसणाऱ्यांमुळं. फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठानं शाळांसाठी 'किवा' नावाचा कार्यक्रम बनवला, त्याचा मुख्य भर बघणाऱ्या, हसणाऱ्या बाकीच्या वर्गावर आहे. मला हे पटतं, कारण तो वर्ग म्हणजे मी होतो. त्या बसमध्ये एकानं जरी "बस झालं बे" म्हटलं असतं, तर मागची सीट गप्प झाली असती, असं मला आजही वाटतं.

ज्यांच्या घरी असं पोट दुखणारं लेकरू आहे त्यांनी त्याला रागावण्याआधी विचारा, यस्टीत तू कुठं बसतो, कोणाजवळ बसतो. मदतीसाठी मुलांच्या सरकारी हेल्पलाइनचा 1098 आहे. मन फार खचलं असेल तर टेली-मानसचा 14416 आहे, तिथं मराठीत बोलता येतं. दोन्ही फुकट.

पुढच्या आठवड्यात आमच्या शाळा व्यवस्थापन समितीची बैठक आहे. पोषण आहार आणि गळकं छत हे दोन विषय ठरलेले होते, तिसरा मी लिहून दिला आहे. त्या यस्टीत माझ्यासोबत हसणारे बरेच जण आज पालक म्हणून त्याच समितीत आहेत. तुम्ही हे वाचत असाल तर बैठकीला या.