इंधन वाचवा, पण उतारावर गाडी न्यूट्रल करून नको

पुण्यात नवले पुलाजवळ एखादा ट्रक ब्रेक निकामी होऊन पुढच्या गाड्यांवर आदळला, की एक कारण पुन्हा पुन्हा समोर येतं: डिझेल वाचवायला कात्रजच्या नव्या बोगद्यापासूनच्या उतारावर गाडी न्यूट्रल केली होती. दर वेळी वाचून जीव कळवळतो. इंधन सगळ्यांनी वाचवावं असं मला मनापासून वाटतं. पण त्याची वेळ निघण्याआधीची, रस्ता ठरवतानाची.

पुण्याहून दापोलीला जायचंय समजा. ताम्हिणीतून माणगाव-महाडमार्गे जा, किंवा वाईहून महाबळेश्वर चढून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरा. नकाशावर फक्त किलोमीटर दिसतात, चढ दिसत नाही. वाई ते महाबळेश्वर सहाशे मीटरहून जास्त चढ आहे. माणसं-सामान धरून सव्वा टनाची कार तेवढी वर न्यायला नुसत्या चढासाठीच पाऊण लिटरच्या वर पेट्रोल लागतं. पलीकडे उतरताना त्यातलं थोडं वसूल होतं, बाकीचं ब्रेक तापवण्यात जातं. महाबळेश्वर बघायचं असेल तर जरूर जा, पण निव्वळ पोचायचं असेल तर हा हिशेब करा.

वेगाचंही तसंच. समृद्धीवर कारला १२० ची मुभा आहे म्हणून १२० नेच जायला हवं असं नाही. ८० च्या तुलनेत १२० ला हवेचा विरोध सव्वादोनपट होतो, म्हणून इंधनही जास्त जळतं. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, डिझेलचा आकडा २.७ च्या आसपास. शहरात मात्र उलटं, तिथे थांबणंच महाग. दर सिग्नलला गाडी शून्यापासून उचलावी लागते, म्हणून दोन-तीन किलोमीटर लांबचा पण वाहता रस्ता बरेचदा स्वस्त पडतो.

गूगल मॅप्समध्ये आता हिरव्या पानाची खूण असलेला कमी इंधनाचा रस्ता दिसतो. सेटिंगमध्ये पेट्रोल, डिझेल जे असेल ते नीट भरा, कारण हिशेब त्यावर बदलतो. माझी एकच अट आहे. तो रस्ता गावठाणातून, शाळेच्या बोळातून नेत असेल तर मी घेत नाही. माझं अर्धा कप पेट्रोल वाचावं म्हणून तिथल्या पोरांनी माझा धूर का खावा?

आता न्यूट्रलविषयी. आजच्या इंजेक्शनच्या, म्हणजे इंधन मोजून फवारणाऱ्या इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की इंधन जवळजवळ बंदच होतं. न्यूट्रलला उलट इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं. म्हणजे बचत नाहीच, वर इंजिनाचा अटकाव जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. लोड गाडीचे ब्रेक असे तापले की धरत नाहीत.

नुसत्या ड्रायव्हरला शिव्या देऊन हे थांबणार नाही. अनेक ठिकाणी ट्रिपला डिझेल मोजून मिळतं, वाचलं तर त्याचं, जास्त लागलं तर पगारातून. ट्रान्सपोर्टवाल्या मित्रांनो, ही पद्धत बंद करा. कमी चढाचा रस्ता तुम्ही आखून द्या, पोचायची वेळ सैल ठेवा आणि डिझेलचा हिशेब ड्रायव्हरच्या खिशाशी जोडू नका.