पहिलं घर घेणाऱ्याला सवलत? दाखवा कुठंय!

जळगाव, भुसावळ, धुळे, कुठेही फ्लॅट बघायला जा, विकणारा हमखास सांगतो, "पहिलंच घर आहे ना भाऊ? टॅक्समध्ये सगळं वसूल होतं." साफ खोटं आहे हे! आणि त्या भरवशावर लोक हप्त्याचं गणित मांडतात, याची जास्त चीड येते.

जळगाव महापालिका हद्दीतला ३५ लाखांचा तयार फ्लॅट धरा. मुद्रांक शुल्क ५ टक्के, वर स्थानिक संस्थेचा अधिभार १ टक्का, म्हणजे २ लाख १० हजार. नोंदणी फी ३० हजार. चावी हातात यायच्या आधीच २ लाख ४० हजार सरकारी चलनात गेले. रेडी रेकनरचं, म्हणजे सरकारने त्या भागासाठी ठरवलेलं मूल्य करारातल्या रकमेपेक्षा जास्त निघालं, तर शुल्क त्या चढ्या आकड्यावर. पाचवा फ्लॅट घेऊन कुलूप लावून ठेवणाऱ्यालाही हाच दर आणि वीस वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत काढलेल्यालाही हाच. हजार रुपये मुद्रांकात दस्त होतो तो पंतप्रधान आवास योजनेतल्या दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटाच्या घरांचा. त्यात न बसणाऱ्याचं घर पहिलं आहे की दहावं, हे दुय्यम निबंधकाकडे कोणी विचारतही नाही.

मग सांगतात, बायकोच्या नावावर घ्या. १ एप्रिल २०२१ पासून महिलेला १ टक्का सवलत आहे, खरं आहे. ३५ लाखांवर ३५ हजार वाचतात. पण खरेदीदार फक्त महिलाच हवी. शेजारी नवऱ्याचं नाव आलं की सवलत गेली. शिवाय ही सवलत राहत्या घराला आहे, मोकळ्या प्लॉटला नाही. खान्देशात कितीतरी माणसं आधी बिनशेती प्लॉट घेतात आणि पैसे जमतील तसं घर बांधतात. त्यांनी काय करायचं? प्लॉटच्या कर्जाच्या व्याजालाही घर उभं राहीपर्यंत आयकरात वजावट नाही.

आता खरी मेख. घर एकट्या बायकोच्या नावावर आणि पगारातून हप्ता नवरा भरतो, तर त्याला ना व्याजाची वजावट, ना मुद्दलाची. कारण तो मालकच नाही. सहकर्जदार असून उपयोग शून्य! दोघांच्या नावावर घेतलं तर आयकरात दोघांना आपापली वजावट मिळते, पण मुद्रांकाचे ३५ हजार जातात. राज्य एकीकडे ओढतं, केंद्र दुसरीकडे, आणि मधे फाटतो तो घर घेणारा.

मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च आयकराच्या कलम ८०सी च्या वजावटीत बसतो, पण पैसे भरले त्याच वर्षी आणि एकूण दीड लाखाच्या मर्यादेत. नोकरदाराचं पगारपत्रक काढून बघा: पीएफ, एलआयसी, मुलांची शाळेची फी. दीड लाखातलं उरतंच किती? पाच वर्षांच्या आत घर विकलं तर घेतलेली वजावटही उत्पन्नात परत जोडतात. आणि हे सगळं जुन्या कररचनेत. नव्या रचनेत ८०सी नाही, राहत्या घराच्या २ लाखांपर्यंतच्या व्याजाची वजावटही नाही. २०२३-२४ पासून आपोआप लागू होते ती नवीच. जुनी हवी तर विवरणपत्र भरताना ती मुद्दाम निवडावी लागते, तीही मुदतीत.

खास पहिल्या घरासाठी म्हणून एकच चांगलं कलम होतं, ८०ईईए. ४५ लाखांपर्यंतच्या घराला व्याजावर दीड लाखाची जादा वजावट. कर्ज १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२२ मध्ये मंजूर झालेलं हवं. नंतर मुदत वाढवलीच नाही. तरी आजही विक्रीच्या कार्यालयात ते कलम तोंडावर फेकतात. मंजुरीपत्रावरची तारीख बघा, विषय तिथेच संपतो.

बांधकाम चालू असलेल्या घराचं आणखी एक. आपल्याकडे ९० चौरस मीटर चटईक्षेत्र आणि ४५ लाखांपर्यंत किंमत असेल तर जीएसटी १ टक्का, नाहीतर ५. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर घेतलं तर काहीच नाही. ४५ लाखांची ही रेषा २०१९ मधली आहे. सिमेंट, सळई, मजुरी, सगळं चढलं. रेषा जागची हलली नाही.

म्हणून टोकन द्यायच्या आधी कागदावर दोन्ही हिशेब मांडा: महिलेच्या एकटीच्या नावावर मुद्रांक किती वाचतो, आणि जोडनावावर दोघांचा आयकर किती वाचतो. दोघांच्या नावाने घ्यायचं ठरलं तर चलनाचे पैसे आणि हप्ते दोघांच्या आपापल्या खात्यातून गेलेले दिसू द्या. नावं ठरवायची ती नोंदणीसाठी दस्ताची माहिती संगणकात भरण्याच्या, म्हणजे डेटा एंट्रीच्या आधी. अंगठा आणि फोटो होऊन सूची क्रमांक २ (दस्त नोंदल्याचा उतारा, इंडेक्स टू) हातात आली की नाव बदलायला नवा दस्त करावा लागतो.