तीनशे चौरस मीटरच्या घराबद्दल खुलासा

गोराई-चारकोपच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘३०० चौरस मीटरपर्यंतच्या घराला आता सीआरझेड लागत नाही, पालिकेची मंजुरी घ्या आणि खारफुटीला लागून बांधा.’ सीआरझेड म्हणजे किनारी नियमन क्षेत्र, किनाऱ्यालगतचा बांधकामावर बंधनं असलेला पट्टा. मेसेज अर्धाच खरा आहे.

२०१९ च्या सीआरझेड अधिसूचनेत राहत्या घरासाठी ही सवलत आहे, पण फक्त सीआरझेड-२ (आधीच विकसित शहरी भाग) आणि ३ (तुलनेने मोकळा, ग्रामीण भाग) मध्ये. तिथे किनारा व्यवस्थापन प्राधिकरणाची शिफारस लागत नाही, मंजुरी स्थानिक संस्था देते. नियम मात्र सुटत नाहीत. पालिकेला मंजूर किनारा आराखड्यावर (कुठली जमीन कोणत्या सीआरझेडमध्ये येते ते दाखवणाऱ्या नकाशावर) प्रस्ताव तपासावाच लागतो.

खारफुटी सीआरझेड-१ मध्ये, म्हणजे सर्वांत संवेदनशील पट्ट्यात येते; तिथे ही सवलत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या निकालात खारफुटीभोवतीच्या ५० मीटरमध्ये बांधकामाला मनाई केली आहे, मग जमीन कुणाच्याही मालकीची असो. सातबारा आपल्या नावावर आहे म्हणून चालतं, हा समज सर्वांत घातक. त्यात गरीब कुटुंबाची आयुष्यभराची पुंजी जाते.

पैसे देण्याआधी सर्व्हे नंबर आराखड्यावर पाहा, पालिकेच्या इमारत प्रस्ताव विभागात विचारा. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका; पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.