वस्तीची लोकसंख्या कागदावरून कशी काढावी

गेल्या महिन्यात सोलापुरातल्या आमच्या वस्तीला अंगणवाडी मिळावी म्हणून आम्ही एका कार्यालयात अर्ज घेऊन गेलो. साहेबांनी फाइल उघडली, एका आकड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "लोकसंख्या बसत नाही ओ मालक." निकष आहे ४०० ते ८०० माणसांमागं एक अंगणवाडी. आमची वस्ती निघाली ७४ माणसांची. मी मागं वळून बघितलं. माझ्याबरोबर आलेल्या बायकाच वीस होत्या, कडेवरची पोरं वेगळी. त्यातलं एक टेबलावरचा शिक्का चोखत होतं. रेकॉर्डला नसलेलं पोर शिक्का कसा चोखतं, हे काही मला कळलं नाही. पण साहेबांची विद्या मोठी आहे हे कळलं. तीच तुम्हाला शिकवतो.

आकडा नेहमी जुना घ्यावा. लोणचं आणि लोकसंख्या मुरलेली बरी. २०११ च्या जनगणनेचा माल उत्तम. त्या साली सोलापुरात ९,५१,५५८ माणसं होती, आजही तेवढीच आहेत असं धरून चाला. २०२१ ला मोजलं नाही, म्हणजे कुणी वाढलं नाही. विजापूर रोडच्या पलीकडं तेव्हा ज्वारी उभी होती, तर आजही ज्वारीच. तिथं तीन मजली इमारत दिसत असेल तर डोळे तपासून घ्या. सोलापूरजवळ कुंभारीच्या माळावर २०२४ च्या जानेवारीत खुद्द पंतप्रधानांनी येऊन १५,००० घरं कामगारांच्या ताब्यात दिली, तिथंही २०११ च्या कागदात कुसळंच आहेत.

प्रत्यक्ष मोजायची हौसच असेल तर नळाला पाणी यायच्या दिवशी मोजा. घरटी एक तरी माणूस हमखास सापडतो.

मतदारयादी वापरायला हरकत नाही. तिच्यात अठरा वर्षांखालचं कुणी नसतं, पण वारलेले आजोबा असतात, त्यामुळं हिशेब बरोबर बसतो. पोरं हिंजवडीला आणि नावं इथं. शनिवारी रात्री पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेस येऊन लागली की यादी तेवढ्यापुरती खरी होते.

रेशनकार्डं मोजू नका. चूल एक, कार्डं तीन. शिवाय धान्याचा इष्टांकही, म्हणजे किती माणसांना धान्य द्यायचं तो ठरलेला आकडा, २०११ च्याच लोकसंख्येवर बांधलाय, म्हणजे आपण ज्यावरून माणसं मोजणार ते माणसांवरून आधीच मोजलेलं.

जन्मनोंदी मात्र अवश्य घ्या. जन्म जिथं होतो तिथं नोंदवायचा, हा १९६९ पासूनचा कायदा. त्यामुळं तुळजापूर, अक्कलकोट, इंडीची बाळं सोलापूरच्या दवाखान्यात जन्मतात आणि सोलापूरकर होतात. आमची सून पहिल्या बाळंतपणाला माहेरी बार्शीला गेली, म्हणून आमचा नातू बार्शीचा. दवाखान्याच्या शेजारच्या गल्लीत राहत असाल तर तुमच्या वस्तीचा जन्मदर बघून तुम्हालाच लाज वाटेल.

आता विजेचे मीटर. हा सगळ्यात शास्त्रीय मार्ग. मीटर मोजा, पाचानं गुणा, झालं. शहराच्या पूर्वभागात खाली कापड विणायचे चार माग, वर घर, तर मागाच्या मीटरलाही पाच माणसं धरा. माग खटाखट बोलतोच, म्हणजे जिवंत आहे. आमच्या शेजारच्या इमारतीत निम्मे फ्लॅट बंद, मालक पुण्यात, गॅलरीत कबुतरं. तिथंही दर मीटरला पाच. आणि समोर एका पत्र्याच्या चाळीत सहा बिऱ्हाडं एकाच मीटरवर, बायका दिवसभर विड्या वळतात, मालक दर बल्बमागं पैसे घेतो. तिथंही पाच. पंचवीसेक माणसं राहतात तिथं, साहेब! कबुतरांना पाच आणि त्यांनाही पाच! आणि हे कळायला काही संशोधन लागत नाही. कुठल्या मीटरवर सहा महिने युनिट पडलेलं नाही, कुठलं मीटर घरगुती, कुठलं मागाचं, हे वीजबिलावर छापलेलं असतं. तो कागद दर महिन्याला निघतो. विचारतंय कोण? एका खात्यानं दुसऱ्याला कागद मागायचा म्हणजे यांचा मान जातो. त्यापेक्षा २०११ ची फाइल बरी, ती जागेवर असते, उठावं लागत नाही.

हां, एक अपवाद सांगायचा राहिला. घरपट्टीचा आकडा ताजा घ्यावा. तिथं आमची वस्ती पूर्ण सापडते. गेल्या वर्षी काढलेली गॅलरीसुद्धा सापडते. मागायला आलं की आम्ही ज्वारी, आणि द्यायला आलं की पक्कं बांधकाम.

पुरे झाली थट्टा. साहेब, तुम्हाला आकडा काढता येत नाही असं नाही, काढायचा नाही. २०११ ला प्रभागात माणसं किती हे जनगणनेत आहे, तेव्हा घरगुती मीटर किती होते हे वीजवाल्यांकडं आहे. मीटरमागं माणसं किती, भागाकार करा. आजचे मीटर घ्या, बंद घरं वजा करा, गुणा. मग हाच हिशेब घरपट्टीवरून करा, शाळेच्या पटावरून करा. तीन उत्तरं जवळ आली तर ठीक, लांब गेली तर खुर्चीतून उठून चालत या आणि बघा. चौथीतल्या पोरीला जमेल एवढं गणित आहे, आणि तेवढ्यासाठी तुम्ही वीस बायकांचा अख्खा दिवस खाल्लात. त्यांचा त्या दिवशीचा रोज बुडाला. आणि तुम्ही त्यांना सांगता, तुम्ही नाहीच?

पोलिओच्या डोसाला बाई येऊन गेल्या तेव्हा आमच्या प्रत्येक दारावर त्यांनी खडूनं आकडे लिहिलेत. सरकारच्याच बाई, सरकारचाच खडू. या एकदा. पाऊस पडायच्या आत या.